आरोग्याचं हितगुज : नाजूक जागेची आग

भगिनींनो, औंढा नागनाथहून एक पत्र आलंय, खाली नाव नाही. श्रावणी सोमवारी दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं झालं. तिथला गाभारा तळघरात, अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरायचं. अंगाला घामाच्या धारा. घरी पोहोचेपर्यंत जांघा नि नाजूक जागा सोलवटून गेलेली. मग बाईंनी साबणानं खसाखसा धुतलं, वर जंतुनाशक औषध घातलेलं पाणी. आग दुप्पट!

होणारच. योनिमार्गात उपयोगी जंतू असतात, ते तिथली आम्लता राखतात. आतून धुण्याची कधीच गरज नसते. बाहेरून नुसतं साधं किंवा कोमट पाणी पुरे, मग मऊ फडक्यानं टिपून घ्या, चोळू नका. फारच आग होत असेल तर गार पाण्यात पिळलेली घडी पाच-दहा मिनिटं ठेवावी. घासलेल्या कातडीवर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. हळद, लिंबू, पावडर, अत्तर काही नको. लघवीला जळजळेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्यानं लघवी जास्तच झोंबते. बरं होईपर्यंत पतीला स्पष्ट सांगून चार दिवस जपावं. (निरोध वापरत असाल तर ध्यानात ठेवा, तेल नि जेलीनं त्याचं रबर कमकुवत होतं.)

आता एक घरोघरची गोष्ट. आपण आतले कपडे वाळत घालतो ते साडीखाली लपवून, नाहीतर न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. ते दमटच राहतात, नि तसेच आपण अंगावर चढवतो! घरातल्या पुरुषांचे बनियन खुशाल उन्हात डोलतात, मग आपल्याच कपड्यांना चोरी कसली? सुती कपडे घ्यावेत, साबण पूर्ण निघेतो खळबळून उन्हात वाळवावेत. रात्री नुसता सैल परकर बरा.

केवळ घासल्याची आग असेल तर चार-सहा दिवसांत उतरते. तोवर दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागवू नका. पुष्कळशा ट्यूबांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण असेल तर ते पसरतं, कातडीही पातळ होते.

दह्यासारखं पांढरं जाणं, दुर्गंधी, फोड, जखम, ताप, लघवीला सतत जळजळ, किंवा दिवस गेलेले असणं, यातलं काहीही असेल तर थांबू नये. खाज पुन्हापुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह कधीकधी असाच कळतो. पाळी थांबलेल्या बायकांना कोरडेपणानंही आग होते, त्यावर औषध आहे.

औंढ्याच्या भगिनीला हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे. तोंडानं सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून न्यावी : किती दिवस झाले, अंगावरून जातं का, पाळी कधी आली होती. आणि जे काही लावलं असेल त्याचं खोकंही पिशवीत टाकावं.