दिसत नाही तो घाम फुकटचा काय?

गेल्या पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, एका शिक्षणसंस्थेच्या नव्या वेबसाइटच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावणे होते. व्यासपीठावर आम्हीही बसलो होतो. म्हणून पुढे जे लिहितो आहोत ते ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेले आहे. फुलांची कमान होती, दारात पंधरा फुटी फ्लेक्स होता, त्यावर झाडून सगळे संचालक होते. पाहुण्यांनी कळ दाबली, पडद्यावर वेबसाइट उघडली, टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल-श्रीफळ वाटून झाले. मंडपवाला संध्याकाळी नोटा मोजून घेऊन गेला. फ्लेक्सवाल्याने तर आधीच घेतले होते. आचाऱ्याचा हिशेब ताटे उचलायच्या आत मिटला. आणि जिने अडीच महिने खपून ती वेबसाइट उभी केली ती मुलगी शेवटच्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, नेट तुटले तर सावरायला. तिचा ठरलेला मोबदला १३ हजार रुपये. डोमेन आणि होस्टिंग 'त्यातच धरून'. हातात आले होते आठ हजार. उरलेल्या पाच हजारांचे तिने दबक्या आवाजात विचारले, तेव्हा कार्यालयातले एक जबाबदार गृहस्थ म्हणाले, "ताई, आजच्या दिवशी पैशाचं काय काढता? आणि घरी बसूनच तर करता ना तुम्ही?"

घरी बसून! या दोन शब्दांत आमच्या समाजाची सगळी मस्ती भरलेली आहे. बाईने चुलीपुढे उभे आयुष्य काढले तरी 'घरीच तर असते', आणि तीच बाई संगणकापुढे बसून एका संस्थेचा चेहरा जगापुढे मांडते तरी 'घरीच तर असते'. सिमेंटची गोणी उचलणारा दिसतो, म्हणून त्याला निदान मजुरी मागता येते. डोळ्यांना न दिसणारे काम मात्र आम्ही काम मानायलाच तयार नाही.

त्या मुलीला वही ठेवायची सवय आहे. ती वही आम्ही मागून घेतली आणि बसून वाचली. एकूण ११२ तास. त्यातले १९ तास कशात गेले? संस्थेने इतिहास, नियमावली आणि शुल्काचे तक्ते दिले ते डीटीपीवाल्याकडच्या जुन्या श्रीलिपी फाइलींत. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की नुसती अगम्य चिन्हे उमटतात. तो युनिकोडमध्ये आणायचा, मग उलटीपालटी झालेली वेलांटी आणि तुटलेली जोडाक्षरे एकेक करून दुरुस्त करायची. 'विद्यार्थ्यांच्या' हा एक शब्द तिने किती ठिकाणी हाताने लिहिला असेल याची मोजदाद नाही. फोटो आले व्हॉट्सॅपवर, आकार घटून धूसर झालेले. मूळ फोटोंसाठी नऊ वेळा फोन. तयार झालेले मुखपृष्ठ संचालकांच्या बैठकीनंतर तीनदा मोडून पुन्हा केले, कारण कोणाचा फोटो कोणाच्या वर हे ठरत नव्हते. या कशाचाही उल्लेख ठरलेल्या कामात नव्हता आणि कशाचाही पैसा मिळाला नाही.

आता हिशेब ऐका. आठ हजारांतले सुमारे चार हजार डोमेन-होस्टिंगला गेले. उरलेले चार हजार ११२ तासांनी भागा. तासाला ३६ रुपयेदेखील पडत नाहीत. आठ तासांचा दिवस धरला तर रोज साधारण २८६ रुपये. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्या महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या हाताला सरकार जे किमान देते, तेवढेही एका शिक्षणसंस्थेने एका इंजिनिअर मुलीला दिले नाही! शिक्षणाचे महत्त्व सांगणारा परिच्छेद त्याच वेबसाइटवर आहे. तोही तिनेच टाइप केला आहे.

मग रास्त भाव कोणता? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण तो टाळण्यातच या धंद्याचे वाटोळे झाले आहे. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या घरात महिन्याला ४० हजार रुपये यावेत ही अपेक्षा चैनीची आहे असे कोणी छातीला हात लावून म्हणेल काय? वर्षाचे झाले चार लाख ऐंशी हजार. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी असतो, याला नाही. म्हणून म्हातारपणासाठी वर्षाला ६० हजार बाजूला काढायला हवेत. आरोग्यविमा, इंटरनेट, विकतची सॉफ्टवेअर, चार वर्षांत जुना होणारा लॅपटॉप, विजेचे बिल मिळून आणखी ६० हजार. बेरीज सहा लाख. वर्षातून शनिवार-रविवार, सणवार आणि आजारपण वजा केले की सव्वादोनशे दिवस उरतात. त्या दिवसांतही अर्धा वेळ फोन, कोटेशन, गाठीभेटी आणि वसुलीत जातो. ज्याचे बिल लावता येते असे काम दिवसाला साडेचार तास झाले तरी पुष्कळ. वर्षाचे हजारभर तास. तासाचा भाव आला ५९० रुपयांच्या घरात, आणि त्या मुलीच्या ११२ तासांची किंमत झाली ६६ हजार.

"एवढे आमच्याकडे नाहीत," असे म्हणणारी संस्था खरेच गरीब असू शकते, आणि तिचाही मान राखला पाहिजे. तिने काम कमी सांगावे. वीस पानांऐवजी पाच पाने घ्यावीत, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्यावा, फोटो निवडून द्यावेत, निर्णय घेणारा एकच माणूस नेमावा. तास निम्म्याहून खाली येतात. खिशात पैसे कमी असतील तर आपण कापडवाल्याकडून कापड कमी घेतो. पाच मीटर फाडून घेऊन दोन मीटरचे पैसे टेकवत नाही. वेबसाइटच्या बाबतीत मात्र आमचे प्रतिष्ठित लोक नेमके हेच करतात, आणि वर सांगतात, "सध्या एवढ्यात करून द्या, पुढे खूप कामं देतो." पुढची कामेही त्याच भावाने येतात, हे सांगणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

आमच्या गावगाड्यात बलुतेदारी होती. ती जातीच्या जोखडात माणसे जखडून ठेवणारी व्यवस्था होती. ती गेली याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या अन्यायी व्यवस्थेतही सुगीला खळ्यावर सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा वाटा ठरलेला होता. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या, आणि ज्याचा त्याला वाटा मागता येत असे. विसाव्या शतकात स्वतंत्र महाराष्ट्राने त्याहून पुढचे पाऊल टाकले. पाठीवर गोण्या वाहणारा हमाल अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या मागे उभा राहिला, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालीचा दर वाटाघाटीने ठरू लागला, मजुरी मंडळामार्फत हातात पडू लागली. अंगठा उठवणाऱ्या हमालाने जे लढून मिळवले ते पदवीधर वेब डेव्हलपरला का मिळवता येत नाही? कारण हमालाला आपण कामगार आहोत याची लाज वाटली नाही. आमच्या या पोरांना वाटते. त्यांच्या कार्डावर 'फाउंडर' छापलेले असते आणि खिशात पेट्रोलला पैसे नसतात.

या धंद्यातल्या लोकांनाही आम्ही सोडणार नाही. 'फक्त ४,९९९ रुपयांत वेबसाइट' अशी पाटी लावणारा माणूस ते कसे जमवतो? चोरीची 'नल्ड' थीम टाकतो. तिच्यात कोणीतरी मागचे दार उघडे ठेवलेले असते. सहा महिन्यांनी शाळेच्या नावाखाली गूगलवर जपानी भाषेतली दुकाने दिसू लागतात, आणि पालकांचे फोन येतात मुख्याध्यापकांना. दुसरे पाप याहून मोठे आहे. ग्राहकाचे डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवायचे आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी गळा धरायचा. असे करणाऱ्याने रास्त भावाचे नाव तोंडाने घेऊ नये. डोमेन ग्राहकाच्या नावावर, थीम परवान्याची, बॅकअप नियमित आणि तासांची वही उघडी, एवढे ज्याच्याकडे आहे त्यानेच ५९० रुपये ताठ मानेने मागावेत.

सगळ्यांनी जमून एकच दर ठरवून टाकू, असेही काही संघटक सुचवतात. तो रस्ता धोक्याचा आहे. स्पर्धकांनी संगनमताने भाव ठरवणे २००२ च्या स्पर्धा कायद्याला मंजूर नाही. आपापला खर्च मांडायला, तासांचा हिशेब जगजाहीर करायला आणि त्याखालचे काम नाकारायला मात्र कोणताही कायदा आड येत नाही. पुण्या-नाशिकपासून लातूर-चंद्रपूरपर्यंतच्या पोरांनी हा हिशेब उघड्यावर मांडावा. परदेशी प्लॅटफॉर्मवर जाऊन जगभरच्या स्वस्ताईशी झुंजणे हा उपाय नव्हे. फायव्हरसारखा मंच तर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के आपल्याकडे ठेवतो.

आणि कायदा काही सगळाच झोपलेला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याखाली सेवा देणारा एकटा माणूसही येतो. उद्यम नोंदणीला एक पैसा लागत नाही. ती काम हाती घेण्याआधी करावी. मग काम सोपवल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे कायदा धरतो. करारात मुदत नसेल तर पैसे १५ दिवसांत, आणि मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. चुकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. तक्रारीला सुविधा परिषद आहे. धंदेवाल्यांना आणखी एक चाप २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून बसला: सूक्ष्म आणि लघु उपक्रमाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट मिळत नाही.

प्रताधिकाराचेही तेच. १९५७ च्या कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृती मानला जातो, आणि नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो लिहिणारा असतो. हक्क दुसऱ्याकडे जायचा तर लेखी, सहीचा कागद लागतो. शेवटचा रुपया जमा झाल्यावरच हक्क ग्राहकाकडे जातील, हे एक वाक्य कोटेशनमध्ये लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. निम्मे पैसे आगाऊ, दोन वेळा फेरबदल, तिसऱ्यापासून तासाचे पैसे, देखभालीचा वार्षिक करार वेगळा. ही वाक्ये छापून ठेवावीत आणि "आपलेच आहात तुम्ही" म्हणणाऱ्यापुढे आधी ठेवावीत.

तरीही पाच हजारांसाठी परिषदेच्या पायऱ्या चढायला कोणाला परवडते? इथे सरकारने हलले पाहिजे. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून असा कायदा लागू आहे की ८०० डॉलर किंवा त्याहून मोठे काम फ्रीलान्सरला द्यायचे तर लेखी करार हवाच, करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे हवेत, आणि बुडवले तर दुप्पट भरपाई. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हा शब्द पुस्तकात आणला. राजस्थानने २०२३ साली प्लॅटफॉर्मवरच्या कामगारांसाठी कायदा केला. पण जो कुठल्याच प्लॅटफॉर्मवर नाही, जो थेट एखाद्या साखर कारखान्याची, पतसंस्थेची, कॉलेजची वेबसाइट बनवतो, त्याचा वाली कोण? महाराष्ट्र विधिमंडळाने येत्या अधिवेशनात कायदा आणावा: दहा हजारांवरच्या प्रत्येक स्वतंत्र कामाला लेखी करार, ३० दिवसांत मोबदला, बुडवणाऱ्याला दुप्पट दंड आणि दाद तालुक्याच्या ठिकाणी. त्याआधी सरकारने आपले घर झाडावे. वेबसाइटच्या निविदा केवळ सर्वांत कमी दराला, 'एल-वन'ला, देत राहणारी कार्यालये स्वतःच ही वेठबिगारी पोसत आहेत.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची झुंज होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, गेल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, त्या मुलीचा फोन वाजला. संस्थेच्या कार्यालयातून. बाकीच्या पैशांसाठी नव्हे. नव्या उपाध्यक्षांचा फोटो चढवायचा होता.

उद्घाटनाला आता ४५ हून कितीतरी अधिक दिवस झाले. लेखी हरकत संस्थेने घेतलेली नाही. मुलीची उद्यम नोंदणी कामाच्या आधीची आहे, कोटेशनवर संस्थेचा शिक्का आहे, तासांची वही आहे. त्या दिवशी आम्हाला मिळालेली शाल आम्ही संस्थेच्या अध्यक्षांना परत पाठवली आहे, आणि सोबत तिच्या थकबाकीचा हिशेब जोडला आहे, व्याजासह.