‘हॉटेल’ शब्दातला पाहुणा कोण?



‘हॉटेल’ हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की तो परदेशी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोल्हापुरात ‘हॉटेलात जाऊन येतो’ असे म्हणणारा मनुष्य मुक्कामास जात नसतो. चहा पिऊन, मिसळ खाऊन तो अर्ध्या तासात परत येतो. इंग्रजाच्या तोंडी मात्र हॉटेल म्हणजे प्रवाशाने रात्र काढण्याची जागा. शब्द आपल्याकडे आला तो बिछाना मागे टाकून, चहाची किटली तेवढी घेऊन आला. इतकेच झाले असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु बिछान्याबरोबर आणखी एक मोलाची गोष्ट या शब्दापासून हिरावून घेतली गेली, आणि ती कोणती हे नवदीक्षित कुटुंबांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

लॅटिन भाषेत ‘होस्पेस’ असा एक शब्द होता. दारी आलेला पाहुणा आणि त्याला घरात घेणारा यजमान, या दोघांनाही तो एकच शब्द लागू होता! त्याच्यापासूनच हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द निघाले. मध्ययुगीन युरोपात हॉस्पिटल ही केवळ रोग्यांची जागा नव्हती. यात्रेकरू, वाटसरू, निराधार असे सारे तेथे आसरा घेत. रोग्यांपुरता तो शब्द मागाहून राहिला. हॉटेल हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजांनी अठराव्या शतकात उचलला. हॉस्टेल हा शब्द इंग्रजीत जुना झाला होता, तो वॉल्टर स्कॉटच्या लेखणीने एकोणिसाव्या शतकात पुन्हा चालू केला. आपले ‘इस्पितळ’ही याच घरातले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते मराठीत उतरले.

या कुळात आणखी एक शब्द आहे, ‘होस्तिस’. आरंभी त्याचा अर्थ परका मनुष्य एवढाच होता. पुढे त्याचा अर्थ शत्रू झाला. हा पालट सिसेरो या रोमन ग्रंथकारानेही नोंदविला आहे. म्हणजे परका मनुष्य उंबऱ्याशी आला की त्याला पाहुणा करावे किंवा शत्रू करावे, या दोन वाटा या शब्दांतच गोठून राहिल्या आहेत. पाश्चात्त्यांनी सदैव पहिली वाट धरली असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील काळ्या माणसाला हॉटेलाचे दार उघडे करून देण्यासाठी 1964 साली कायदा करावा लागला.

परंतु आपल्या देशाने तिसरीच वाट शोधून काढली. येथे अस्पृश्य मनुष्य पाहुणा नव्हता, आणि शत्रूही नव्हता. शत्रूशी निदान समोरासमोर लढावे लागते! येथे त्याचे श्रम घेतले, त्याचा पैसा घेतला, आणि चहा मात्र दाराबाहेर, वेगळ्या कपात, वरून ओतून दिला. अतिथीस देव मानणाऱ्या संस्कृतीचा डिंडिम पिटणाऱ्यांना मी विचारतो, तो कप कोणत्या देवासाठी वेगळा ठेवला होता?

परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना उतरण्यास जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांनी कसेबसे दिवस काढले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव त्यांना बाहेर काढण्यास आला. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही घरात घेण्याची असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी सुटेपर्यंत हा महापंडित सार्वजनिक बागेत बसून होता. पदवी त्यांच्याजवळ होती, भाडे देण्याची तयारी होती, दरबारचे काम हातात होते. ‘होस्पेस’ व्हायला आणखी काय लागते?

आता कोल्हापूरकडे वळू. या एका नगरीत या तिन्ही शब्दांची परीक्षा झाली आहे, आणि ती घेणारे होते राजर्षी शाहू छत्रपती. हॉस्टेलचे पाहा. महाराजांनी प्रथम सर्व जातींच्या मुलांची एकत्र सोय करून पाहिली. तेथे हळूहळू ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा 1901 सालापासून त्यांनी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारण्यास चालना दिली, आणि 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार बोर्डिंगे काढून जात कशी मोडेल, असा आक्षेप आजही विद्वान घेतात. ज्याला राहायला जागाच नाही त्याला एकत्र राहण्याचा उपदेश करणे सोपे असते. दवाखान्याचे पाहा. 1919 साली महाराजांनी हुकूम काढले की सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रोग्यांना इतरांप्रमाणेच वागविले पाहिजे, आणि विहिरी, धर्मशाळा, शाळा यांतही भेद चालणार नाही.

राहिले हॉटेल. महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे या अस्पृश्य नोकराला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, पण गंगारामला स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून साह्यही केले. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल निघाले. स्वच्छता उत्तम, चहा उत्तम, गिऱ्हाईक मात्र नाही! मग छत्रपतींनी आपली गाडी त्या दारात उभी करून गंगारामच्या हातचा चहा घेण्यास प्रारंभ केला, आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तो घ्यावा लागला. येथे शब्दाचा मूळ अर्थ सव्याज परत मिळाला, हे तुमच्या ध्यानात येते काय? ज्याला पाहुणा म्हणून कोणी घरात घेत नव्हते तो यजमान झाला, आणि राजा त्याचा पाहुणा झाला. 1922 साली महाराज निवर्तल्यावर त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तोही याच गंगाराम कांबळे यांनी.

राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली ही गोष्ट बाबासाहेबांनी हक्काची केली. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले नावानिशी लिहिली आहेत. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेल या शब्दाच्या व्याख्येत लॉजिंग, बोर्डिंग, कॉफी हाऊस हे सारे घातले. त्याच कायद्यात इस्पितळे आहेत आणि वसतिगृहेही आहेत. तेव्हा कोणी तुम्हांस वेगळा कप दिला तर मुकाट्याने विसळून ठेवू नका. तो अपमान आहे, आणि त्याबरोबर तो गुन्हाही आहे.

परंतु आजचा धूर्त मनुष्य नेमका भाड्याच्या खोलीपाशी उभा आहे. तो तुमच्या शेजारी बसून मिसळ खाईल. खोली विचारली की आडनाव विचारील, गाव विचारील, आणि ‘कालच दिली हो’ म्हणेल. चहाचा कप एक झाला म्हणून अस्पृश्यता गेली असे सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या मुलांबरोबर खोली शोधत फिरावे.

आणि आपले काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा मिळाली आणि त्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. चुल्लवग्गात आगंतुक भिक्षूचे स्वागत कसे करावे हे सांगितले आहे: आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, प्यायला पाणी विचारावे. जात विचारण्याचा त्यात कोठेही उल्लेख नाही. मनुष्यमात्राच्या समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मात्र सोयरीक आली की ‘पूर्वीचे कोण?’ ही कुजबुज होते. मातंग किंवा चर्मकार समाजातून कोणी धम्मात आला तर त्याच्या पंगतीला बसताना काही जण अजून अडखळतात. बडोद्याच्या त्या दोन स्नेह्यांना नावे ठेवण्याचा अधिकार अशा घराला पोचत नाही.

जूनमध्ये शिक्षणासाठी खेड्यापाड्यांतून मुले-मुली कोल्हापुरात येतील. शहरातील ज्या बौद्ध कुटुंबाकडे एखादी खोली रिकामी असेल त्याने तसे आजच विहारात कळवावे, भाडे स्पष्ट सांगावे, आणि दारात उभ्या राहिलेल्या मुलाला तो काय शिकतो एवढेच विचारावे.