ओपन, क्लोज आणि मधली बाटली

व्यसनावर भाषणं झोडणाऱ्या सज्जनांच्या यादीत दारुडा वेगळा, जुगारी वेगळा. आमच्या वस्तीत बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो. त्याचे दोन्ही खिसे एकदमच कापले जातात.

मटका बघा. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सट्टा चाले. तो बंद पडल्यावर 1962 पासून कल्याणजी भगतनं, मागनं रतन खत्रीनं आकड्यांचा धंदा थाटला. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे खेळ सरळ असला तरी दहावा रुपया मालकाचाच. पण खरी मेख ओपन आणि क्लोजच्या मधल्या तासांत आहे. चिठ्ठी लावलेला माणूस त्या वेळात घरी जात नाही, गुत्त्यावर बसतो. ओपन लागला, पाजा. हुकला, प्या. क्लोज येईस्तोवर डोकं एवढं जड की उरलेली हजेरीही आकड्यावर.

मी गोदीत माल उतरवतो, सुट्टीला नगरला जातो. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, गुत्ता जागच्या जागी. चुलत्याला व्यसनमुक्तीला ठेवलं होतं. दारू किती, कधीपासून, सगळं विचारलं. आकडा लावता का, हे एकानंही विचारलं नाही. बाटली सोडून आला, चिठ्ठी खिशात तशीच. महिन्यात जोडी हुकली आन् त्याच रात्री पुन्हा प्याला.

याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले. अण्णा हजाऱ्यांनी ते लपवलेलंही नाही. देश वाहवा करत होता. अरे, फटके पिणाऱ्यालाच का? उसाची मळी गाळून अर्क करणाऱ्या कारखानदाराची पाठ कुठाय? 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत पांगरमलला फुकटच्या बनावट दारूनं माणसं मेली. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमधली निघाली! आणि जुगारबंदीचा कायदा 1887 चा, तर 1969 पासून लॉटरी खुद्द सरकारची. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर बंदी यायला 2025 उजाडलं. तोवर आपली शिकलेली पोरं रातभर क्रिकेटच्या टीमा लावत होती, बिअर हातात धरून.

आपण पंचशील घेतो, पाचवं शील दारूचं. पण बुद्धानं सिगालोवाद सुत्तात धन बुडवणारे मार्ग सांगितले, त्यात दारू आणि जुगार एकाच यादीत आहेत. ती यादी वाचा. उद्या वस्तीत व्यसनमुक्तीचा फळा टांगाल तेव्हा तोंडाचा वास घेत बसू नका. आधी खिसा बघा आणि विचारा, आज कितीवर लावलास?