पोटांतील आम्ल आणि औषधाची गोळी

अंड्याचें कवच साध्या पाण्यांत कित्येक दिवस ठेविलें तरी जसेंच्या तसें राहतें. तेंच शिर्क्यांत टाकिलें असतां त्यावर बुडबुडे येतात व हळूहळू तें विरून जातें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग पाहिला असेल. घरांतील आजीबाई हाडांसाठीं कॅल्शियमची जी गोळी घेतात, तीही पुष्कळदां याच द्रव्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाची, असते. आणि ती जेवणाबरोबर घ्या असें सांगतात तें एवढ्याचसाठीं, कीं त्या वेळीं जठरांत आम्ल पाझरत असतें.

गोळी पोटांत गेली म्हणजे औषध लागू पडलेंच, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. औषध आधीं विरघळलें पाहिजे, तेव्हांच तें आंतड्यांतून रक्तांत शिरूं शकतें. उपाशीपोटीं जठररसाचा सामू १ ते २ च्या आसपास असतो. लहान आंतड्यांत तो ६ च्या वर चढतो. कांहीं औषधें सौम्य आम्लारि असून तीं जठरांतील तीव्र आम्लांतच नीट विरघळतात. तेथें विरघळण्याचें राहून गेलें, तर पुढें आंतड्यांत त्यांस तशी संधि मिळत नाहीं, व तीं बव्हंशीं तशींच शरीराबाहेर पडतात.

गजकर्णावरील इट्राकोनॅझोलची कॅप्सूल या जातीची आहे. ती भरल्या पोटीं, जेवण होतांच घ्यावयाची असते. परंतु आपल्याकडे कोणत्याही औषधासोबत एक पित्ताची गोळी घेण्याची रूढि पडली आहे, आणि आमचा आक्षेप आहे तो या रूढीवर. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल हीं औषधें जठरांत आम्ल तयार होण्याचेंच कमी करितात, व त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो. म्हणून दोन तासांचें अंतर ठेवूनही निभाव लागत नाहीं. मग गजकर्ण महिनोन्महिने हटत नाहीं, घरांतील इतरांसही तें जडतें, पैसा जातो तो निराळाच, आणि दोष मात्र डॉक्टरांच्या माथीं येतो! बिचाऱ्या डॉक्टरांस त्या दुसऱ्या गोळीची वार्ताही नसते, कारण ती परस्पर दुकानांतून आणिलेली असते. (कधीं ती त्यांनींच लिहून दिलेली असते, हेंही खरें.)

ज्यांस जठराचा व्रण आहे किंवा ज्यांस वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, त्यांस पित्ताची गोळी आवश्यक असूं शकते, आणि ती आपल्या मनानें बंद करणें धोक्याचें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नवें औषध लिहून घेतांना पालकांनीं घरीं चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांस सांगावी, आणि 'ही जेवणाआधीं कीं नंतर, कशासोबत?' हें विचारण्यास संकोचूं नये.

मुलांसाठीं एक गोष्ट. कित्येक शाळांत दर आठवड्यास लोहाची निळी गोळी मिळते. लोह आम्लांत विरघळलेलें राहतें, म्हणून लिंबाचें सरबत तिला पोषक. चहा मात्र मारक, कारण चहांतील टॅनिन लोहास बांधून ठेवितें. गोळी घेऊन थेट चहाच्या टपरीकडे जाणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत.