गुण आला की नाही, हे कोण ठरवतं? अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या संशोधनातल्या मोजपट्टीची गोष्ट

२८ ऑगस्ट २०२० रोजी जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंजो आबे यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारण होतं मोठ्या आतड्याचा जुना आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस. २००७ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडलं, तेव्हाही राजकीय अडचणींच्या जोडीला हाच आजार होता. मधल्या काळात त्यांना नवं औषध मिळालं, २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळपास आठ वर्षं त्यांनी देश चालवला. मग आजारानं पुन्हा डोकं वर काढलं.

आता प्रश्न असा, की २०१२ मध्ये आबे 'बरे' झाले होते का? औषधानं त्यांना गुण आला होता, हे नक्की. पण आजार गेला नव्हता. या आजारात 'गुण आला' म्हणजे नेमकं काय झालं, हे मोजायचं कसं, यावर गेली सत्तर वर्षं संशोधकांचा खल चालू आहे. हा वाद फक्त तज्ज्ञांपुरता नाही. 'नव्या औषधानं निम्मे रुग्ण बरे' अशी पोस्ट तुमच्या मोबाइलवर येते, तेव्हा त्यातला 'निम्मे' हा आकडा याच मोजपट्टीतून आलेला असतो.

हा आजार काय आहे?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि काही जणांमध्ये सूज वर पसरत जाते. वारंवार पातळ शौच, शौचावाटे रक्त आणि आव, पोटात मुरडा, थकवा ही त्याची लक्षणं. रक्त दिसलं की अनेकांना आधी मूळव्याधीचीच शंका येते आणि निदान लांबतं.

आजार कायमचा आहे, पण सतत सारखा नसतो. काही महिने शांत राहतो, मग भडकतो. शांत असण्याच्या या अवस्थेला डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात. औषधांच्या चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा हेच मोजलं जातं: किती रुग्ण रेमिशनमध्ये गेले?

सरळ वाटतं. पण ताप थर्मामीटरनं मोजता येतो, तसं रेमिशन मोजणारं यंत्र नाही. कशाला रेमिशन म्हणायचं हे माणसांनी ठरवावं लागतं.

पहिली पट्टी कुणी बनवली?

१९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. २१० रुग्णांपैकी काहींना कॉर्टिसोन दिलं आणि काहींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या, म्हणजे प्लासिबो. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर कॉर्टिसोन घेणाऱ्यांपैकी ४१.३ टक्के रेमिशनमध्ये होते, दुसऱ्या गटात १५.८ टक्के.

या चाचणीसाठी त्यांनी रेमिशनची व्याख्या लिहून काढली. दिवसाला एक-दोन वेळा शौच, रक्त नाही, ताप नाही, नाडी जलद नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक. आजार 'तीव्र' कधी म्हणायचा याचे निकषही त्यांनी ठरवले. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, सोबत ताप किंवा जलद नाडी, अशा स्वरूपाचे ते निकष रुग्णालयांमध्ये आजही वापरले जातात.

मेयो स्कोअर: १२ गुणांची परीक्षा

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ८७ रुग्णांवर एका औषधाची चाचणी केली. औषध होतं ५-एएसए, म्हणजेच मेसालामाइन. पुढे आबे यांना उपयोगी पडलेल्या गोळीतही हाच घटक होता. या चाचणीसाठी तयार केलेली गुणपद्धत 'मेयो स्कोअर' म्हणून जगभर रूढ झाली.

त्यात चार विषय आहेत आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. पहिला, नेहमीपेक्षा किती जास्त वेळा शौचाला जावं लागतं. दुसरा, रक्त किती पडतं. तिसरा, दुर्बिणीतून पाहिल्यावर आतडं कसं दिसतं. चौथा, एकूण आजाराबद्दल डॉक्टरांचं मत. ही परीक्षा उलटी आहे. जितके गुण जास्त, तितका आजार जास्त.

चौथ्या विषयावरून वाद झाला. डॉक्टरांचं 'एकूण मत' हे शेवटी मतच. दोन डॉक्टर एकाच रुग्णाला वेगळे गुण देऊ शकतात. शिवाय रुग्ण स्वतः सांगू शकतो ते डॉक्टरांच्या अंदाजावर का सोडायचं? २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं म्हणजे एफडीएनं औषध चाचण्यांमध्ये रुग्णानं स्वतः नोंदवलेल्या अनुभवाला कसं स्थान द्यायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठीच्या तिच्या नंतरच्या मसुद्यांमध्ये डॉक्टरांच्या मताचा रकाना गळाला. आता परीक्षा ९ गुणांची आहे. शौच आणि रक्ताची नोंद रुग्ण रोज डायरीत करतो, आतड्याचे गुण दुर्बिणीच्या तपासणीतून येतात.

पण इथेही एक मेख आहे. शौचाचे गुण 'नेहमीपेक्षा' किती जास्त, यावर ठरतात. दहा-बारा वर्षं आजार अंगावर काढलेल्या माणसाला त्याचं 'नेहमीचं' काय होतं हे आठवावं लागतं. पट्टीचा शून्यच जर धूसर आठवणीवर उभा असेल, तर मापही थोडं डळमळतंच.

दुर्बीण तरी खोटं बोलत नाही ना?

दुर्बीण खोटं बोलत नाही, पण बघणारा चुकू शकतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिलं जातं. मेसालामाइनच्याच एका चाचणीत २८१ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी ३० टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २०.६ टक्के रेमिशनमध्ये गेले. हा फरक योगायोगानं पडला असण्याची शक्यता संख्याशास्त्राच्या नियमांनुसार नाकारता येत नव्हती. म्हणजे औषध नापास.

मग तपासणीचे व्हिडिओ, कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या एका तज्ज्ञानं पुन्हा पाहिले. त्याच्या मते ३१ टक्के रुग्णांचा आजार चाचणीत घेण्याइतका सक्रिय नव्हताच. ते वगळून हिशेब केला, तेव्हा आकडे झाले २९ टक्के विरुद्ध १३.८ टक्के. औषध पास!

औषध तेच आणि चाचणीही तीच. फक्त बघणारे डोळे बदलले आणि निकाल फिरला. म्हणूनच आता मोठ्या चाचण्यांमध्ये व्हिडिओ बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात.

पट्टीवर काय नव्हतं?

रुग्णांना विचारलं की सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर अनेक जण एक गोष्ट सांगतात: अचानक येणारी कळ. शौचाची अशी घाई, की एक मिनिटही थांबता येत नाही. लोकल ट्रेनमध्ये स्वच्छतागृह नसतं. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला दिवसातून तीनदा शौच होतं की पाच वेळा, यापेक्षा ती कळ बोरिवली ते दादरच्या मध्ये आली तर काय करायचं, ही चिंता मोठी असते. अशी माणसं घराबाहेर पडण्याआधी जेवत नाहीत, लग्नाला जात नाहीत, प्रत्येक नव्या ठिकाणी आधी स्वच्छतागृह शोधतात.

मेयो स्कोअरमध्ये या कळेला एकही गुण नाही. थकव्याला नाही, रात्री झोपेतून उठावं लागण्याला नाही आणि भीतीलाही नाही.

संशोधकांना हे माहीत नव्हतं असं नाही. १९८९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ प्रश्नांची आयबीडीक्यू ही प्रश्नावली तयार केली. त्यात पोटाच्या तक्रारींसोबत मनःस्थिती आणि सामाजिक आयुष्याबद्दलही प्रश्न आहेत. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एससीसीएआय या सोप्या गुणपद्धतीत शौचाची घाई आणि रात्रीचं शौच हे दोन्ही मोजले जातात. पण औषधाला मंजुरी मिळवून देणाऱ्या मोठ्या चाचण्यांचा मुख्य निकाल बहुतेक वेळा मेयो स्कोअरवरच ठरत आला. बाकीचं सगळं पुरवणीत.

अलीकडे हे बदलतंय. एली लिली कंपनीच्या मिरिकिझुमॅब या औषधाच्या चाचण्यांचे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शौचाच्या घाईला ० ते १० असे गुण रुग्णांकडून घेतले गेले. शून्य म्हणजे घाई नाही, दहा म्हणजे असह्य. पहिल्या टप्प्यात गुण आलेल्या रुग्णांपैकी औषध पुढे चालू ठेवलेल्या ४२.९ टक्के जणांची घाई ४० आठवड्यांनंतर जवळपास नाहीशी झाली होती, तर प्लासिबोवर गेलेल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. ही पट्टी औषध विकणाऱ्या कंपनीनंच विकसित केली, हे लक्षात ठेवायला हवं. तरी जे आजवर मोजलंच जात नव्हतं, ते मोजलं गेलं, हेही खरं.

मग रुग्णालाच विचारून मोकळं का होऊ नये?

कारण रुग्णाला बरं वाटत असतानाही आतडं सुजलेलं असू शकतं. सूज वर्षानुवर्षं राहिली, तर शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. याउलट, आतडं भरून आलं तरी काहींची कळ आणि थकवा जात नाही. दोन्ही बाजू मोजल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी उपचारांची जी उद्दिष्टं ठरवली, त्यात लक्षणं जाणं, आतडं भरून येणं आणि आयुष्य पूर्वपदावर येणं या तिन्हींचा समावेश आहे.

दोन बाजू एकत्र धरल्या की आकडे किती बदलतात, याचं उदाहरण भारतातलंच आहे. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांच्या पुढाकारानं झालेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडणं आणि सोबत सूज कमी करणारा आहार, असा तो उपचार होता. आठ आठवड्यांनी लक्षणांच्या पट्टीवर ६० टक्के रुग्ण रेमिशनमध्ये होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात ३२.३ टक्के. पण दुर्बिणीतूनही आतडं शांत दिसलं पाहिजे, ही अट घातल्यावर तेच आकडे ३६.४ आणि ८.७ टक्क्यांवर आले.

यातला कुठला आकडा खरा? दोन्ही खरे आहेत, कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मथळ्यात मात्र बहुतेक वेळा एकच जातो.

'निम्मे रुग्ण बरे' म्हणजे किती?

मिरिकिझुमॅबच्या चाचणीत वर्षभराच्या शेवटी ४९.९ टक्के रुग्ण रेमिशनमध्ये होते, प्लासिबोच्या गटात २५.१ टक्के. म्हणजे निम्म्यांना फायदा झाला का? थांबा. हे निम्मे सगळ्या रुग्णांपैकी नाहीत. पहिल्या १२ आठवड्यांत ज्यांना औषधाचा गुण आला, असे ६३.५ टक्केच रुग्ण पुढच्या टप्प्यासाठी धरले गेले. ढोबळ हिशेब केला, तर सुरुवातीच्या १०० जणांपैकी साधारण ३२ जण वर्षाच्या शेवटी रेमिशनमध्ये पोचतात. यात फसवणूक नाही, चाचणीची रचना आधीच जाहीर असते. पण हे वाक्य पोस्टमध्ये येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा?

हा पाश्चात्त्यांचा आजार, अशी एक समजूत होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंजाबमधल्या पाहणीत दर लाख लोकांमागे ४४.३ रुग्ण आढळले आणि ती समजूत मोडली.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे ती भाषेची. इंग्रजी प्रश्नावलीतला 'अर्जन्सी' हा शब्द मराठीत कसा विचारायचा? घाई, कळ, जोर, की थांबवत नाही? रुग्णाला प्रश्न वेगळा कळला, तर उत्तर चुकतं आणि गुणही. म्हणून प्रश्नावलीचं भाषांतर करून भागत नाही. ते उलट इंग्रजीत करून पाहावं लागतं, मग रुग्णांसोबत बसून त्यांना काय कळलं ते तपासावं लागतं. शिवाय आपल्याकडे या विषयावर घरातही मोकळेपणानं बोललं जात नाही. न सांगितलेला त्रास कुठल्याच पट्टीवर उमटत नाही.

पुढची बातमी वाचताना काय विचाराल?

एक, 'बरे झाले' म्हणजे काय धरलं? लक्षणं गेली, आतडं भरलं की दोन्ही? दोन, हे कुणी सांगितलं, रुग्णानं, त्याच्या डॉक्टरनं की बाहेरच्या तज्ज्ञानं? तीन, प्लासिबो किंवा नेहमीच्या उपचारांच्या गटात किती जणांना बरं वाटलं? चार, टक्केवारी सगळ्या रुग्णांची आहे की आधी गुण आलेल्यांची? पाच, किती आठवड्यांनी मोजलं?

आणि तुम्ही किंवा घरातलं कुणी या आजाराचं रुग्ण असेल, तर एक गोष्ट आजच करता येईल. दिवसातून किती वेळा शौच झालं, रक्त होतं का, कळ किती तीव्र होती, रात्री उठावं लागलं का, आणि आजाराच्या भीतीनं कुठलं काम टाळलं, हे रोज दोन ओळींत वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका, कारण बरं वाटणं ही अर्धीच मोजणी असते. पण ती अर्धी मोजणी तुमच्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.