हमी पाळायची तर पोच द्या

१९७२चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाया, झाडाखाली झोळीत निजवलेली लेकरं आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ज्यांनी पाहिली, त्यांना गरिबी समजावून सांगावी लागत नाही. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमी भक्कम झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा हा विचार नेटाने लावून धरला. १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अंमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसायकर घेतला गेला. कमावत्या शहराने कोरडवाहू गावाचा भार उचलावा, हे त्यामागचं सूत्र होतं. २००५मध्ये देशानेही तसाच कायदा केला.

या हमीची सगळी ताकद एका चिठोऱ्यात आहे: काम मागितल्याची, तारीख घातलेली पोच. ती हातात असली तर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. म्हणूनच ती देताना टाळाटाळ होते. काम मिळालं तरी मजुरी थकली, की मजूर मुकादमाची उचल घेतो आणि अख्खं बिऱ्हाड ऊसतोडीला निघतं. मुलांची शाळा तिथेच सुटते.

योजनांची नावं बदलोत, निकड तीच आहे. मागेल त्याला पोच आणि राबेल त्याला वेळेवर मजुरी, एवढं सरकारने पाळलंच पाहिजे. पोच नाकारणाऱ्यावर कारवाई होत नाही, तोवर कायद्यातली हमी मजुराच्या पदरात पडणार नाही.