साडेचार ग्रॅम मीठ

मे महिन्यात उमापूरला (तालुका गेवराई, जिल्हा बीड) मावशीकडे गेले होते. उन्हाचं तर विचारूच नका. पोचले तर मावशी घरी नाही. "सलाईन लावायला गेलीय, विकनेस आलाय," शेजारच्या काकूंनी सांगितलं. सुर असा, की जणू मावशी दळण आणायला गेलीय.

जाऊन बघते तर मावशी खाटेवर, खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली आणि उशाशी चहाचा कप! उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही. म्हटलं, मावशे, चहा पिता येतो तर पाणीही पिता येईल ना? मग ते शिरेतून कशाला? "तुला नाही कळायचं. दोन बाटल्या गेल्या की तरतरी येते."

आमच्या नात्यातले बरेच जण हा ब्लॉग वाचतात. त्यांना राग येईल. येऊ दे, आज लिहिणारच.

मंडळी, त्या बाटलीत असतं काय? नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. संपलं! ग्लुकोजवाली घेतलीत तर ५ टक्क्यांच्या हिशेबाने २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. अर्ध्या भाकरीची ताकदही त्यात नाही. पिवळी बाटली "भारी" वाटते ती जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळल्यामुळे.

आता गंमत बघा. मावशीला बीपी आहे, म्हणून घरात लोणचं-पापड बंद. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आणि इथे दोन बाटल्यांतून नऊ ग्रॅम थेट रक्तात! हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा पाणी फुप्फुसात साठून दम लागू शकतो. सुईतून जंतुसंसर्ग होऊ शकतो तो वेगळाच.

सलाईन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. उलट्या थांबत नाहीत, माणूस बेशुद्ध आहे, जुलाबाने पार गळून गेलाय, अपघात, ऑपरेशन... तिथे ती जीव वाचवते. पण ज्याला गिळता येतं त्याचं काय?

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून लोकांना पाजायला सुरुवात केली. पाजणारे कोण, तर रोग्यांचेच नातेवाईक. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. साखरेसोबत मीठ आतड्यातून चटकन शोषलं जातं आणि मागोमाग पाणीही, एवढंच त्यामागचं शास्त्र. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ओआरएसची पुडी मात्र आपल्याला अजून "पोरांचं औषध" वाटते. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक घरात असतं.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन गेलेल्या बाया उन्हाळ्यात परततात त्या अंग मोडूनच. त्यांच्या थकव्याचं कारण बऱ्याचदा अंगात रक्त कमी हे असतं. त्याला हिमोग्लोबिनची तपासणी हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात, पोटभर जेवण आणि विश्रांती हवी. सलाईनमध्ये लोहाचा कणही नसतो! बाटली संपते, पैसे जातात, दोन दिवस बरं वाटतं आणि खरा आजार तसाच राहतो.

डॉक्टर म्हणतात, "नाही लावली तर पेशंट दुसरीकडे जातो." खरंय. सलाईन लावत नाही तो डॉक्टर कसला, असं म्हणणारे आपणच. पण पेशंटने मागितलं म्हणून द्यायचं, तर मग डॉक्टर आणि किराणा दुकानदार यात फरक काय राहिला?

निघताना मावशीच्या फडताळात ओआरएसच्या पुड्या ठेवल्या, पण जुलाब-उलट्या झाल्या तरच घे असं बजावून. त्यातही मीठ आहेच! रक्त तपासायचंही कबूल करून घेतलंय. बघू.

तुम्ही एकच करा. पुढच्या वेळी कुणी बाटली टांगायला निघालं, तर विचारा, "डॉक्टर, हे प्यायला दिलं तर चालणार नाही का?"